मग गवत टाकायचं!

सकाळपासून तिघांनी तीच रील पाठवलीय. केनियातल्या अंबोसेलीचं हत्तीचं पिल्लू, दुष्काळात पाय गळालेले, आई सोडून जात नाहीये. मूळ निवेदन काढून वर रडकं व्हायोलिन चढवलंय आणि खाली सगळे कॅमेरामनला शिव्या घालतायत. राक्षस काय, काळीज नाही काय, पाणी पाजायला काय झालं होतं काय!

अहो, हे बीबीसीच्या २०१३च्या 'आफ्रिका' मालिकेतलं आहे, डेव्हिड अ‍ॅटनबरोंचं निवेदन असलेल्या. आणि अंबोसेलीत पाणी असतं हो! किलिमांजारोवर पडलेला पाऊस जमिनीखालून झिरपत येतो, तिथल्या दलदली भर दुष्काळातही ओल्या राहतात. संपतं ते गवत. हत्तिणीला दिवसाला शे-दीडशे किलो चारा लागतो. तो नसला की दूध आटतं. बाटली घेऊन कोणाकडे जाणार होतात? आणि आई जवळ येऊ देईल?

हा भाग मी बाबांबरोबर पाहिला होता. पिल्लू आडवं झालं तसे ते उठलेच. "बंद कर ते." मी त्यांनाही हेच गवताचं ऐकवलं. शांतपणे म्हणाले, "मग गवत टाकायचं."

आता बोला.

एकाला टाकाल. अख्खा मुलूख उपाशी असतो तेव्हा पुढच्याला कोण टाकणार? बरं, अंटार्क्टिकात घळीत अडकलेल्या पेंग्विनांसाठी बीबीसीच्याच लोकांनी बर्फात वाट खोदून दिली होती, मान्य. पण दुष्काळात वाट कुठे खोदणार?

शिवाय मालिकेच्या त्याच भागात शूबिल पक्ष्याचं घरटं आहे. थोरलं पिल्लू धाकट्याला चोचीने फोडून काढतं आणि आई परत येऊन थोरल्यालाच जवळ करते. त्याची रील कुणी पाठवली? नाही. टकलं, बेढब पिल्लू ना ते! बाबा मात्र तिथेही टीव्हीशी बोलत होते, "अगं, धाकट्याला घे की."

म्हणून बाबांचा राग येत नाही मला. त्यांनी कुणाला राक्षस ठरवलं नाही, त्यांना बघवलं नाही, बस. तुमचं तसं नाही. तुम्ही वीस सेकंद हळहळता, शिवी हासडता आणि पुढच्या रीलवर जाता. पूर्ण भाग तासाभराचासुद्धा नाही. झोपलेल्या सिंहांच्या अंगावर चढून माश्या मटकावणारा सरडा आहे त्यात, तो तरी बघा.

आणि ती रील मला आता चौथ्यांदा नको.