चाळीस मिनिटांत स्त्री-पुरुष समानता

स्त्री-पुरुष समानतेचा प्रश्न माणसाने किती वेळात सोडवावा? परदेशी जाणारे आयईएलटीएस नावाची इंग्रजीची परीक्षा देतात, तिच्या निबंधाच्या हिशेबाने 40 मिनिटांत. शब्द किमान 250 हवेत, आणि सगळं इंग्रजीत. फुले दांपत्याने 1848 साली पुण्यातच मुलींची शाळा काढून सुरू केलेलं काम अजून पुरं व्हायचंय. आम्ही मात्र त्याच पुण्यातल्या एका क्लासमध्ये दर शनिवारी ते उरकून चहाला जात होतो.

परीक्षेला मी बोल लावणार नाही. तिला तुमच्या मताचं सोयरसुतक नसतं. बायकांनी घरी बसावं असं लिहा नाहीतर पुरुषांना बसवा, परीक्षक बघणार मुद्द्याला धरून लिहिलंय का, वाक्याला वाक्य जुळतंय का, शब्द आणि व्याकरण कसं आहे. पण चाळीस मिनिटांत मत सुचत नाही, म्हणून क्लासवाले ते झेरॉक्स करून देतात. खरी गंमत तिथे आहे. आमच्या झेरॉक्सवर पहिला परिच्छेद : स्त्रिया मुळातच मायाळू, म्हणून नर्सिंग आणि शिक्षण त्यांना शोभतं. दुसरा परिच्छेद : तथापि आजच्या युगात त्या पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून वगैरे. शेवट : दोन्ही बाजूंत तथ्य आहे. लग्नाच्या याद्या करताना मुलीचा मामा बोलतो ना, अगदी तसं.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पुरुषांनी बनवलेले गिअर रिजेक्ट करणं हे माझं रोजचं काम, आणि त्यात मायेचा भाग कधी आलेला नाही. सरांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "मॅडम, अनुभव नका आणू, वेळ जातो. उदाहरण द्या."

मी उदाहरण दिलं. साताऱ्याच्या सुरेखा यादव, 1988 साली रेल्वे इंजिन चालवायला लागलेल्या देशातल्या पहिल्या बाई. 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत नेली त्यांनी. सर खूश झाले, पण नाव खोडलं. "स्पेलिंग चुकेल. 'माझी चुलत बहीण' लिहा." पुढच्या शनिवारी जळगावच्या मुलापासून लातूरच्या मुलीपर्यंत अख्ख्या बॅचची चुलत बहीण रेल्वे चालवत होती. कुणाच्या बहिणीच्या हातात नुसती लोकल राहिली नव्हती, सगळ्या थेट वंदे भारतवर.

"पण सर, हे खोटं आहे," लातूरची मुलगी म्हणाली. बॅचमध्ये तिचंच मन जाग्यावर होतं.

"इंग्रजी तपासतात बेटा, खरेपणा नाही."

स्पीकिंगला तर याहून मजा. तिथे हातात एक क्यू कार्ड, म्हणजे विषय लिहिलेलं कार्ड देतात, विचाराला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. कार्डावर माणूस असला की सरांचा सल्ला ठरलेला : "आई घ्या. आई कधी वाया जात नाही." आईसाठी त्याग, पहाटे उठणं आणि हाताची चव ही तीन वाक्यं तयार होती. वडील बाहेरून कडक, आतून मऊ.

माझी आई पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होती. पहाटे उठायचे ते बाबा, आणि पुरणपोळी आजही तेच करतात, आई शब्दकोडं सोडवत "मीठ घातलंत का?" एवढं विचारते. मी हे सगळं बऱ्या इंग्रजीत बोलून दाखवलं. सर जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "छान आहे. पण एक्झामिनरला वाटेल, तुमचा 'ही' आणि 'शी'मध्ये घोळ होतोय. व्याकरणाचे मार्क जातील." क्लासचं तयार उत्तर आईला फोनवर वाचून दाखवलं, तर तिने विचारलं, "कोण गं ही बाई? हिला सुट्टी नसते का?"

घरी तयारी चालायची ती आणखी वेगळ्या चालीने. कॅनडाला जायचं खूळ आम्हा दोघांचं, त्यामुळे परीक्षाही दोघांची, एकाच दिवशी. नवरा बेडरूमचं दार लावून, हेडफोन चढवून लिसनिंग करायचा. माझा मोबाइल ओट्यावर डाळीच्या डब्याला टेकवलेला. चाळीस प्रश्न, ऐकायला मिळतं एकदाच, आणि नेमका पोस्टकोड सांगायच्या क्षणी कुकरची शिट्टी. आमच्या सरावाच्या संचांत फोन उचलणारी बाई आणि गीझर बिघडला म्हणून तक्रार करणारा पुरुष. त्या बाईची मला काळजी वाटायची. तिच्या घरी कुकर कोण बंद करत असेल? सासरे स्वयंपाकघरात डोकावून हळूच म्हणायचे, "आवाज कमी कर गं, त्याची परीक्षा आहे."

कॅनडाचा अर्ज भरून देणाऱ्या आमच्या कन्सल्टंटने पहिल्याच भेटीत फाइलवर लिहून टाकलं : मेन ॲप्लिकंट, साहेब. विचारलं कुणी नव्हतं. कॅनडात स्थायिक व्हायच्या अर्जाला गुण देतात, त्या गुणपद्धतीत नवरा कोण आणि बायको कोण याला किंमत नाही. मुख्य अर्जदाराच्या पहिल्या भाषेला 128 पर्यंत गुण, सोबतच्या जोडीदाराच्या भाषेला जास्तीत जास्त 20. इंग्रजी तेच, तोंडही तेच, फक्त कुणाच्या मागे कुणाचं नाव लिहिलं यावर 108 गुणांचा फरक. कन्सल्टंट मला धीर देत म्हणाला, "मॅडम, तुम्ही टेन्शन नका घेऊ, तुमचा पेपर विसाचाच आहे." मी त्या विसात जीव ओतला. गिअर तपासायची सवय असली की माणूस कॉमाही तपासतो.

निकाल लागला. रायटिंगमध्ये मला 7 आणि साहेबांना 6. कन्सल्टंटने दोनदा आकडेमोड केली, मग व्हाइटनर मागवला. आता फाइलवर मी पुढे आहे आणि साहेब विसांत.

पण नवऱ्याला त्याचं दुःख नाही, कारण स्पीकिंगमध्ये त्याने मला हरवलं. मला 7, त्याला 7.5. त्याच्या क्यू कार्डावर होतं, 'तुम्ही कुणाला केलेल्या मदतीबद्दल सांगा.' तर म्हणे त्याने सांगितलं की बायकोची महत्त्वाची परीक्षा होती, म्हणून महिनाभर त्याने अख्खं स्वयंपाकघर सांभाळलं. पोळ्या, मुलाचा डबा, कुकरच्या शिट्ट्या, सगळं बारकाईने. दोन मिनिटं झाली तरी तो थांबेना, शेवटी एक्झामिनरलाच थांबवावं लागलं.