पैसा कमी नाही, तो टेबलापर्यंत पोचत नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक पात्र होऊन कथा रंगवण्याचा खेळ. तो खेळणाऱ्यांमध्ये एक दावा आता सिद्ध झाल्यासारखा फिरतो. प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्ट आणि तिची मालक, खेळणी बनवणारी कंपनी हॅसब्रो यांनी या खेळाची दुभती गाय करून टाकली आहे, दूध काढतात पण चारा घालत नाहीत, असं म्हटलं जातं. पुरावा म्हणून सांगतात की पुस्तकं कमी येतात, माणसं काढली जातात, कमाई भलतीकडे जाते आणि छोटे प्रकाशक याहून कितीतरी कमी पैशात जास्त काम करून दाखवतात. यामागची चीड मला कळते, बरीचशी माझीही आहे. पण दावा चुकीचा आहे, आणि त्यामुळे आपण प्रकाशकाकडे भलतीच गोष्ट मागत बसतो.

आधी पैशाचंच बघू. 2022 मध्ये हॅसब्रोने डी अँड डी बियाँड ही ऑनलाइन सेवा 14 कोटी 63 लाख डॉलर मोजून विकत घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अनरियल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर उभं राहणारं त्रिमितीय आभासी टेबल, म्हणजे संगणकावर एकत्र खेळायची जागा, जाहीर झालं; त्याचं नाव पुढे 'सिजिल' पडलं. 2023 च्या मार्चमध्ये या खेळावरचा मोठ्या खर्चाचा चित्रपट आला. याला हात आखडता घेणं म्हणत नाहीत. डिसेंबर 2022 मध्ये विझर्ड्सच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांसमोर सांगितलं की या ब्रँडमधून पुरेशी कमाई काढली जात नाहीये. खेळाडूंमध्ये डंजन मास्टर, म्हणजे कथा सांगून खेळ चालवणारा, पाचातला एक, पण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा त्याचा, हेही त्यांनीच मांडलं. हे दुर्लक्ष करणाऱ्या मालकाचं बोलणं नव्हे. नजर फार बारकाईने रोखलेली आहे, फक्त ती डंजन मास्टरच्या कामावर नाही, त्याच्या पाकिटावर आहे.

सिजिलचं काय झालं? 2025 च्या सुरुवातीला ते गाजावाजा न करता लोकांच्या हाती आलं आणि मार्चमध्येच ते बनवणाऱ्यांपैकी सुमारे 30 जणांना काढून टाकलं. एवढी वर्षं, एवढी माणसं, एवढा पैसा, आणि टेबलाभोवती बसून फासे टाकणाऱ्या गटाला त्यातून काहीही मिळालं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. उद्या आपण 'अजून गुंतवा' असं ओरडलो, तर आणखी एक सिजिल मिळेल.

आता पुस्तकं कमी येतात, या मुद्द्याकडे येतो. या आरोपाला सर्वांत जास्त टाळ्या पडतात आणि मला तो सर्वांत कच्चा वाटतो. तुलना नेहमी नव्वदच्या दशकातल्या टीएसआरशी, म्हणजे या खेळाच्या मूळ प्रकाशक कंपनीशी, होते. तेव्हा फरगॉटन रेल्म्स, रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, प्लेनस्केप, बर्थराइट अशी खेळासाठी रचलेली कितीतरी काल्पनिक जगं एकाच वेळी चालू होती आणि प्रत्येकाचा वेगळा पुस्तकांचा ढीग होता. वाचायला ते वैभव होतं, मान्य. पण एका जगाचा चाहता दुसऱ्या जगाची पुस्तकं घेईना, कंपनी स्वतःच्याच गिऱ्हाइकांचे तुकडे करत गेली, दुकानांतून न खपलेला माल परत येऊ लागला, आणि 1996 संपेपर्यंत तिच्या डोक्यावर 3 कोटी डॉलरहून जास्त कर्ज झालं. 1997 मध्ये विझर्ड्सने तिला विकत घेतलं. टीएसआर बुडण्याला एवढं एकच कारण नव्हतं, पण पुस्तकांचा पूर हे त्यातलं मोठं कारण होतं.

2014 ची पाचवी आवृत्ती मुद्दाम संथ ठेवली होती. सुरुवातीच्या मोहिमांची, म्हणजे खेळायला तयार कथांची, पुस्तकं तर विझर्ड्सने बाहेर लिहून घेतली: पहिलं कोबोल्ड प्रेसकडून, नंतरची सॅस्क्वॉच आणि ग्रीन रोनिनकडून. म्हणजे घरातला चमू तेव्हा छोटाच होता. आणि खेळ वर चढला तो याच काळात. क्रिटिकल रोल या, खेळ थेट खेळून दाखवणाऱ्या कार्यक्रमाचं प्रक्षेपण 2015 ला सुरू झालं, हजारो नवखे ते बघून टेबलावर आले, आणि त्यांना एका खेळाडूच्या पुस्तकावर महिनोन्‌महिने खेळता आलं. पुस्तकं थोडी होती म्हणून नवख्याला दारात अडखळायला झालं नाही. पुस्तकांची संख्या मोजून खेळाची तब्येत ठरवणाऱ्यांनी या वर्षांचं काय करायचं, ते सांगावं.

संख्येऐवजी पुस्तक उघडून बघा. 2014 च्या डंजन मास्टरच्या मार्गदर्शिकेत पहिलं प्रकरण स्वतःचं जग रचण्याचं, दुसरं बहुविश्वाचं. खेळ प्रत्यक्ष चालवायचा कसा, हे आठव्या प्रकरणात. पहिल्यांदा डंजन मास्टर व्हायला बसलेल्या माणसाला शनिवारच्या सत्रात काय करायचं हे हवं असतं, आणि पुस्तक त्याला देवदेवता आणि मिती सांगत बसतं. 2024 च्या मार्गदर्शिकेत खेळ चालवणं दुसऱ्याच प्रकरणात आलं, छोट्या नमुना मोहिमा आल्या, आणि एक अख्खी मोहीम कशी बांधायची हे दाखवायला ग्रेहॉक हे तयार जग घडीच्या नकाशासकट आलं. खेळाडूचं पुस्तक 320 पानांवरून 384 वर गेलं आणि अमेरिकेतली छापील किंमत 50 डॉलरच्या आसपासच राहिली. त्याआधी वर्षभराहून जास्त काळ जाहीर चाचण्या चालल्या. वॉरलॉक या जादू वापरणाऱ्या पात्राची खास मंत्रपद्धत काढून त्याला साध्या, अर्धीच जादू येणाऱ्या पात्रासारखं करून पाहिलं, खेळाडूंनी नको म्हटलं, आणि बदल मागे घेतला. हीसुद्धा गुंतवणूकच, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. यंत्रणेत नाही, लिहिणाऱ्याच्या वेळेत घातलेली.

उलट बाजूही दाखवतो, कारण ती याच मुद्द्याला धरून आहे. 2022 चा स्पेलजॅमर संच: 70 डॉलर किंमत, 64-64 पानांची तीन पुठ्ठाबांधणीची पुस्तकं, खोका, डंजन मास्टरने समोर उभा करायचा पडदा, नकाशा. पॅकिंगमध्ये कसलीच कसर नाही. पण विषय आहे अंतराळात जाणाऱ्या जहाजांचा, आणि जहाजांच्या लढाईचे नियम इतके तोकडे की दोन जहाजं समोरासमोर आली की डंजन मास्टरला बाकीचं सगळं स्वतः रचावं लागतं. इथे पैसा कमी पडला म्हणणं चूक आहे, तो खोक्यावर दिसतोच आहे. कमी पडलं ते लेखन.

माणसं काढल्याबद्दल मी प्रकाशकाची बाजू घेणार नाही. या खेळावर बेतलेल्या बाल्डर्स गेट 3 या व्हिडिओ गेमला वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा पुरस्कार 7 डिसेंबर 2023 ला मिळाला आणि 11 डिसेंबरला हॅसब्रोने 1,100 जणांना काढत असल्याचं जाहीर केलं. त्या एका गेममधून त्या वर्षी कंपनीला सुमारे 9 कोटी डॉलर मिळाले होते. पण ही कपात डी अँड डीला उपाशी ठेवण्याचं धोरण होतं, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. खेळण्यांची विक्री कोसळली होती, आणि 2019 मध्ये सुमारे 4 अब्ज डॉलरला घेतलेली ईवन ही चित्रपट-मालिका बनवणारी कंपनी लायन्सगेट या स्टुडिओला विकताना हाती रोख आले 37.5 कोटी. चांगलं काम करणारी माणसं दुसऱ्याच्या खड्ड्यात गेली. कमाई भलतीकडे जाते हा आरोप एवढ्यापुरता खरा आहे, आणि तो असाच, नेमका मांडायला हवा.

राहिला छोट्या प्रकाशकांचा दाखला. पायझो, कोबोल्ड प्रेस, डॅरिंग्टन प्रेस यांचं काम बघून मलाही हेवा वाटतो. पण ते हॅसब्रोपेक्षा जास्त पैसा घालतात म्हणून पुढे नाहीत, हे दावा करणारेच सांगतात आणि तिथेच स्वतःचा दावा मोडतात. पायझोचा पाथफाइंडर हा स्पर्धक खेळ 2009 मध्ये उभा राहिला तो विझर्ड्सनेच 2000 मध्ये खुल्या परवान्याखाली दिलेल्या नियमांवर. तो परवाना देण्याचा खर्च जवळजवळ शून्य होता. 2023 च्या जानेवारीत तोच परवाना आवळायचा प्रयत्न झाला, खेळाडू खवळले, आणि 27 तारखेला मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली देऊन कंपनीला माघार घ्यावी लागली. आणि 2025 मध्ये ख्रिस पर्किन्स आणि जेरेमी क्रॉफर्ड हे या खेळाची रचना सांभाळणारे दोघे, नवी तिन्ही मुख्य पुस्तकं पूर्ण करून, विझर्ड्समधून बाहेर पडले व डॅरिंग्टन प्रेसमध्ये गेले. पर्किन्स विझर्ड्समध्ये 1997 पासून होते. प्रकाशकाला प्रश्न विचारायचाच असेल, तर किती डॉलर घातले हा नको. पुढचं पुस्तक लिहायला कोण आहे, त्याला किती महिने दिलेत, आणि पुढच्या डिसेंबरात तो तिथे असेल का, हे विचारा.