कट्टर फॅन कसं व्हावं, खिशाला हात न लावता

नागपुरात राहून जपानी कार्टूनचं, म्हणजे अ‍ॅनिमेचं कट्टर फॅन व्हायचं असेल तर एक गोष्ट आधी शिका: पैसे न देण्याचं कारण कायम ताजं ठेवायचं. मालिका कोणतीही बघा, सबमध्ये (जपानी आवाज, खाली भाषांतर) बघा नाहीतर डबमध्ये (आवाजच आपल्या भाषेत), तो तुमचा घरचा मामला. पण कारण शिळं झालं की माणूस चारचौघांत उघडा पडतो.

आधीच्या पिढीचं बरं होतं. दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा. तो जपानी स्टुडिओने काढलाय हे कोणाच्या गावीही नव्हतं, मग हक्क कोणाचे याची चौकशी कोण करणार? पुढे २००४ मध्ये जपानी कार्टूनचं चॅनल अ‍ॅनिमॅक्स आलं आणि २०१७ मध्ये त्याच्या जागी लहान पोरांचं चॅनल येऊन बसलं. ही दोन सालं पाठ करून ठेवा. ‘आमचं चॅनलच बंद केलं ना भाऊ, आम्ही कुठे जायचं?’ हे वाक्य धरमपेठेतल्या कोणत्याही चहाच्या ठेल्यावर आजही खपतं. चॅनल चालू होतं तेव्हा तुम्ही त्यावर काय पाहायचे, असं विचारणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

घोळ त्यानंतर सुरू झाला. एकेक कारण मरायला लागलं. ‘भारतात मिळतच नाही’ म्हणायचो, तर मिळायला लागलं. ‘फार उशिरा येतं’ म्हणायचो, तर जपानमध्ये भाग लागल्यावर तासाभरात इथे यायला लागला. उरलं होतं ‘महाग आहे’. तर २०२२ मध्ये क्रंचीरोल या अ‍ॅनिमेच्या अ‍ॅपने भारतातला महिन्याचा दर ७९ रुपयांवर आणून ठेवला. हा घाव वर्मी बसला. पानठेल्यावर उभ्या-उभ्या खर्र्यात यापेक्षा जास्त जातात, आणि हे आपल्यासोबत उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा ७९ रुपये परवडत नाहीत असं चुकूनही म्हणू नका. ‘प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे’ म्हणा. कोणतं तत्त्व, असं कोणी विचारलंच तर मे महिन्यात तेवढ्यात लाइन जाते, कूलर थांबतो आणि विषय महावितरणाकडे वळतो.

भाषेचं कारण मात्र अजून धडधाकट आहे. हिंदी डब नाही म्हणून आपण पाहत नव्हतो. हिंदी आलं, मागोमाग तमिळ आणि तेलुगूही आलं. पण मराठी? ‘डीमन स्लेयर’ मालिकेचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ ला भारतात लागला तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. मराठीचं नाव नाही. आता यावर पेटून उठायला नको? उठा. बर्डीच्या (सीताबर्डीच्या) चौकात उभं राहून मित्राला खडसावून सांगा, ‘अबे, मराठी में क्यूं नहीं देते ये लोग? अपनी भाषा की कोई इज्जत है के नहीं?’ मित्रही हिंदीतच हळहळेल.

याच चित्रपटावरून आठवलं. तिकीट काढलंच असेल (हातून होतं असं कधी कधी), तर ते वसूल करा. लढाई रंगात आली की फोन वर धरा, फ्लॅश चालू ठेवला तरी हरकत नाही, आणि मागच्या रांगेतला ओरडला तर ‘स्टोरी टाकून राहिलो ना यार’ म्हणा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात चित्रपटगृहात रेकॉर्डिंग करणाऱ्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि कमीत कमी तीन लाखांचा दंड आहे. पण कायदा चोरांसाठी असतो. आपण तर प्रचार करून राहिलो.

परवान्यांचा विषय निघाला की आवाज चढवायला शिका, कारण इथे कंपन्या स्वतःहून तुमच्या मदतीला धावून येतात. एका मालिकेमागे एक समिती असते. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, गाण्यांची कंपनी, खेळण्यांची कंपनी असे सगळे मिळून पैसा घालतात आणि मग देशाप्रमाणे, भाषेप्रमाणे, माध्यमाप्रमाणे हक्क वेगवेगळे विकतात. त्यामुळे पहिला सीझन एका अ‍ॅपवर, दुसरा दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर ‘तुमच्या भागात उपलब्ध नाही’ची पाटी. ही पाटी सोन्याच्या मोलाची आहे. तिचा स्क्रीनशॉट काढून फोनमध्ये जपून ठेवा. ती मालिका पुढे तुमच्या भागात आली तरी स्क्रीनशॉट खोटा ठरत नाही, त्यावर तारीख दिसेल असा तेवढा काढू नका.

फनिमेशन या अमेरिकेतल्या अ‍ॅनिमे कंपनीचा किस्साही तोंडपाठ असू द्या. त्या कंपनीची डीव्हीडी किंवा ब्लू-रे घेतली की आत डिजिटल कॉपीचा कोड मिळायचा. २ एप्रिल २०२४ ला ते अ‍ॅप बंद झालं आणि लोकांच्या डिजिटल कॉप्या क्रंचीरोलच्या अ‍ॅपवर आल्याच नाहीत. गेल्या त्या गेल्या. अमेरिकेतल्या माणसाने पैसे मोजून घेतलेली वस्तू त्याच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली, ही लबाडी आहे आणि त्याचा राग खराच आहे. तुम्ही तर एकही डिस्क घेतली नव्हती. म्हणून काय झालं? सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच रडा. ‘विकत घेतलेलं जर आपलं नसेल, तर...’ इथवर बोलून थांबा आणि फुटाळा तलावाकडे बघा. पुढचं लोक समजून घेतात.

आणि कोणी फारच नैतिकता शिकवायला लागला तर हुकमाचा एक्का टाका: क्रंचीरोल २००६ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथेही लोक परवानगीशिवायच भाग चढवायचे. २००९ मध्ये जपानी वाहिनीशी करार करून ते सोवळ्यात आलं आणि २०२१ मध्ये सोनीच्या फनिमेशनने ते ११७ कोटी ५० लाख डॉलरना घेतलं. म्हणजे आज तुम्ही जे करताय तो गुन्हा नाही, स्टार्टअप आहे. फक्त करार करायची पायरी तेवढी गाळा.

मांगाकडे, म्हणजे जपानी कॉमिक्सकडे वळू. इथे फार सांभाळून राहावं लागतं, कारण शुएशा या जपानी प्रकाशकाने जानेवारी २०१९ मध्ये मांगा प्लस हे अ‍ॅप काढून आपला मोठाच घात केला. चालू मालिकांची पहिली तीन आणि शेवटची तीन प्रकरणं फुकट, तीही जपानसोबत त्याच वेळी. ‘वन पीस’चं नवं प्रकरण आपल्याकडे रविवारी रात्री साडेआठला येतं, घरात वरणभात वाढायला घेतात त्या सुमारास. एक रुपया लागत नाही. मग चोरायचं काय? तर वेळ. ती पानं बुधवार-गुरुवारीच कोणीतरी फोडतो. दुकानात आधी पोचलेल्या अंकाचे तिरके, अंधारे फोटो, त्यावर घाईघाईत टाकलेलं इंग्रजी. ते वाचा आणि लगेच जाहीर करा की हे प्रकरण ‘मिड’ (म्हणजे सुमार) आहे. लेखकाने आठवडाभर जागून काढलेली पानं तुम्ही मेट्रोत सीताबर्डी ते शंकरनगर एवढ्यात निकालात काढलीत, याला वाचनाचा वेग म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुमामोतोच्या पोलिसांनी अशीच पानं आधी फोडल्याच्या संशयावरून दोघांना धरलं. त्या गुरुवारी हळहळा. पुढच्या गुरुवारी दुसरा कोणी असतोच.

छापील खंड हवेत? मूळ खंडाची किंमत बघून ‘लूट आहे लूट’ म्हणा आणि निम्म्याहून कमी भावातला नकली संच मागवा. तो हातात घेऊन जरा नीट बघाल तर मजा येईल. चित्रकाराने सावल्यांसाठी वापरलेली बारीक ठिपक्यांची छटा फोटोकॉपीत चिकटून राखाडी पट्टे होते, त्यामुळे प्रत्येक पात्र आजारी दिसतं. आतल्या घडीकडचे संवाद बांधणीत जातात, म्हणून खलनायकाचं अर्धंच वाक्य वाचायला मिळतं. कणा एकदा दाबला की मधली सोळा पानं सुटी होऊन मांडीवर येतात. तरी कपाटात ओळीने लावल्यावर लांबून छान दिसतो. फोटो लांबूनच काढा.

अकात्सुकीचं (‘नारुतो’तल्या खलनायकांच्या टोळीचं) टी-शर्ट बर्डीच्या फुटपाथवरून घ्या. दुसऱ्या धुण्यात लाल ढग गुलाबी होतात, बाकी काही नाही. ते घालून एखाद्या रविवारी कामठीला ड्रॅगन पॅलेसला जा. जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने १९९९ मध्ये उभं राहिलेलं ते बुद्धविहार आहे, तिथे लोक शांत बसायला येतात. तुम्ही मात्र पायऱ्यांवर दोन्ही हातांची बोटं जुळवून निन्जा मुद्रा करा आणि खाली लिहा, ‘जपानला पोचलो’.

आवडत्या मालिकेबद्दल विचारलं तर ‘नारुतो’ म्हणू नका, ते रिक्षावाल्यांच्या पोरांनाही माहीत आहे. ‘वन पीस’ म्हणालात तर १९९७ पासून चालू असलेलं सगळं वाचलंय का, अशी उलटतपासणी होते. जी कोणी पाहिलेली नाही तीच सांगा. आणि तुमच्या आवडीच्या मालिकेवर दुसरी चढायला लागली की गुण देण्याच्या साइटवर, म्हणजे मायअ‍ॅनिमेलिस्टवर तिला १ गुण देऊन या. पाहायची काही गरज नाही, किती भाग पाहिले तो आकडा आपणच भरायचा असतो.

एक घातक उदाहरण मात्र पोरांसमोर काढू नका. २०१९ मध्ये भारतातल्या फॅन लोकांनी सह्यांची मोहीम काढून ‘वेदरिंग विथ यू’ हा जपानी चित्रपट थिएटरात मागितला, तो इथे खरंच लागला आणि लोक तिकीट काढून गेले. मागितलं तर मिळतं, ही अफवा पसरली तर आपण बोलायचं कशाबद्दल?

शेवटी, अगदीच नाइलाज झाला आणि कायदेशीर व्हावंच लागलं, तर चौघांत मिळून व्हा. क्रंचीरोलचा मोठा प्लॅन सुरुवातीला ९९ रुपयांचा होता आणि एका वेळी चार ठिकाणी चालायचा; म्हणजे डोक्यामागे पंचवीससुद्धा नाही. तीन जण लगेच पाठवतात. चौथा तोच असतो, जो अ‍ॅनिमेटर लोकांना किती तुटपुंजा पगार मिळतो यावर दर महिन्याला लांबलचक पोस्ट टाकतो, स्टुडिओंना शिव्या घालतो. त्याला पंचवीस रुपयांची आठवण करून द्यायला फोन केलात तर म्हणेल, ‘काऊन पैशाचं घेऊन बसला भाऊ? आपण कलेसाठी पाहून राहिलो ना. आणि पासवर्ड बदलला का बे? रात्रीपासून लॉगिन होऊन नाही राहिलं.’