शिसं दोन्हीकडे तेच

माझे वडील मदुराईत गलाई, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं काम, करायचे. सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडची कितीतरी घरं अशीच या धंद्यापायी देशभर पांगली. सोनारांच्या दुकानातली झाडलोट, पॉलिशची धूळ, झिजलेले ब्रशसुद्धा वडील विकत घ्यायचे. सगळं जाळायचं, राख शिसं आणि टाकणखार घालून मुशीत गाळायची. शिसं सोन्याला आपल्यात ओढून घेतं. मग शिसं उडवायचं, तेजाबात (अ‍ॅसिडात) धुवायचं, की हाती सोन्याचा बारीक मणी. त्या खोलीला खिडकी एकच, आणि वाफेनं तिचे गज खाऊन बोटाएवढे बारीक झाले होते. आम्ही भावंडं तिथंच अभ्यासाला बसायचो.

आता मी बेल्जियममध्ये, अँटवर्पला राहतो. इथल्या होबोकेन भागात मौल्यवान धातू परत मिळवण्याचा मोठा कारखाना आहे. जगभरातून जुन्या मोबाइलचे सर्किट बोर्ड, गाड्यांचा धूर साफ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिथं येतात. सोनं, चांदी, प्लॅटिनम, पॅलेडियम सगळं निघतं. युक्ती वडिलांचीच: शिसं आणि तांबं वितळवायचं, मौल्यवान धातू त्यांत गोळा होतात.

गावाकडच्या मित्रांचं म्हणणं असतं, आपल्या जुन्या बोर्डांतलं सोनं बाहेर का घालवायचं? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं ई-कचऱ्यासारख्या भंगारातून महत्त्वाची खनिजं परत मिळवण्यासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केल्यापासून हा सूर वाढलाय. मलाही काम घरी यावं असंच वाटतं. आज दिल्लीतल्या सीलमपूरला, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला बोर्ड जाळून, तेजाबात बुडवून सोनं काढतात. त्यात पॅलेडियमसारखे धातू बहुतेक गटारातच जातात. १ जानेवारी २०२५ पासून बाझल करारानं, म्हणजे घातक कचऱ्याच्या देशोदेशीच्या ने-आणीवरच्या आंतरराष्ट्रीय करारानं, परदेशी जाणाऱ्या ई-कचऱ्याच्या प्रत्येक खेपेला, ती घातक असो वा नसो, घेणाऱ्या देशाची आगाऊ संमती लागते. नियम चांगला आहे, पण कागदांचा हेलपाटा प्रामाणिक पाठवणाऱ्यालाच पडतो. गल्लीत बोर्ड जाळणाऱ्याला कुणाची संमती लागत नाही.

पण होबोकेनचा दाखला देणाऱ्यांनी तिथली मोरेटुसबुर्ग वस्तीही बघावी. कारखान्याच्या भिंतीला लागून घरं आहेत. तिथल्या लहान मुलांच्या रक्तातलं शिसं वर्षातून दोनदा मोजतात. २०२० मध्ये आकडे चढले तेव्हा गदारोळ झाला आणि पुढे कारखान्यानं जवळची घरं विकत घ्यायची तयारी दाखवली. म्हणजे इतकी यंत्रणा असूनही शिसं भिंत ओलांडून जातंच. फरक एवढाच की ते मोजलं जातं, आकडा आई-बापांच्या हातात पडतो आणि कारखान्याला उत्तर द्यावं लागतं.

आपल्या चर्चेत टन येतात, कोटी येतात, मुलांचं रक्त येत नाही. भट्ट्या जरूर उभ्या करा, आणि सोन्याचा टंच (कस) काढण्यात ज्यांचा हात बसलाय त्या गलाई बांधवांना त्यांत आधी घ्या. मात्र परवाना देतानाच आजूबाजूच्या मुलांच्या तपासणीचा खर्च त्यात धरा. सीलमपूर आणि मुरादाबादला ती तपासणी भट्टीची वाट न बघता आजच सुरू करता येईल.