नजरेनं लेव्हल काढणारे ठेकेदार

दर मे महिन्यात तेच! पुण्याजवळ वाघोली, लोणीकंदकडे प्लॉट साफ करायला जेसीबी येतो, तासावर पैसे सुरू होतात आणि ठेकेदार नुसत्या नजरेनं लेव्हल काढतो. अहो, पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि चार खुंट्या, एवढंच तर लागतं. 100 फुटांना किमान 1 फूट ढाळ द्या, तोही गटाराकडे. शेजाऱ्याच्या भिंतीकडे नाही.

त्याहून संताप भरावाचा. बाभळी वरून तोडायच्या, मुळं तशीच गाडायची, वर अडीच फूट मुरूम एकदम ओतायचा, जेसीबी दोनदा फिरवायचा आणि म्हणायचं, ‘दबला साहेब.’ नाही दबत! 6 ते 9 इंचांचा थर, त्यावर पाणी, मग रोलर, मगच पुढचा थर. नाहीतर मुळं कुजतात, भराव बसतो आणि पावसात तिथेच डबकी साचतात. खाली काळी माती असेल तर ती भिजून फुगते, सुकून आकसते आणि कंपाउंडला तडे जातात.

पाण्याच्या निचऱ्यासाठी चरात टाकायचा भोकांचा पाइप तर सरळ मातीत पुरतात. गाळानं बुजणारच तो! भोवती धुतलेली खडी, खडीभोवती जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), हे दरवेळी का सांगावं लागतं?

मुरमाच्या मापाचंही तसंच. ब्रास म्हणजे 100 घनफूट. गाडी रिकामी होण्याआधी हौद्यात टेप लावा. आणि टँकरचं पाणी सोडून ते कुठे वाहतं हे बघेपर्यंत शेवटचा हप्ता अजिबात देऊ नका.