नंदूचा सातवा रकाना

सिंहस्थाच्या नावाने अर्धं नाशिक खणून ठेवलंय. अशोकस्तंभाच्या आमच्या कट्ट्यावर सध्या चहाला मातीचा वास येतो. त्यात जनगणनेची बातमी आली आणि नंदूच्या अंगात आलं.

"या खेपेला पण मी धर्मापुढे 'नाही' असंच लिहिणार. मागच्या वेळी देशभरात धर्म न सांगणारे २९ लाख निघाले. त्यातला एक तुमच्यासमोर बसलाय."

हे २९ लाखांचं तुणतुणं आम्ही आकडे जाहीर झाल्यापासून ऐकतोय. भास्करने बिस्किट चहात बुडवलं. "नंद्या, तुझ्या घराची वास्तुशांत झाली ना रे दिवाळीत?"

"आईसाठी केली."

"काकू जाऊन चार वर्षं झाली की."

"तिची इच्छा होती म्हणून," असं काहीतरी नंदू पुटपुटला, पण तोवर पोपटरावसुद्धा गाळणं हातात धरून हसायला लागले होते.

तेवढ्यात सरांनी घसा साफ केला. सर म्हणजे आमच्याच वर्गातला, पण तीस वर्षं कॉलेजात समाजशास्त्र शिकवून आता आम्हालाही शिकवतो. "समाजशास्त्रीयदृष्ट्या," हा शब्द आला की कट्ट्यावर निदान दहा मिनिटं दुसऱ्या चहाची ऑर्डर देता येत नाही. "समाजशास्त्रीयदृष्ट्या नंदूची वागणूक विसंगत नाही. आधुनिकता आली की धर्म सार्वजनिक जीवनातून मागे सरकतो आणि खाजगी निवडीचा विषय होतो. समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर हेच तर म्हणाला होता. १९६८ साली त्याचं भाकीत होतं, एकविसाव्या शतकात श्रद्धावंत लोक छोट्या छोट्या पंथांपुरते उरतील."

"मग?"

"मग १९९९ साली त्यानेच सांगितलं की आपलं चुकलं. जग पूर्वीइतकंच धार्मिक आहे."

"एकतीस वर्षांनी?" भास्कर एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालाय. "माझ्या हिशेबात एका तिकिटाची गफलत झाली तर डेपोत त्याच रात्री पैसे भरून घ्यायचे."

सरांनी चष्मा पुसला. हरले की ते चष्मा पुसतात.

नंदूने लगेच जर्मनी काढली. पोरगा स्टुटगार्टला आहे, त्यामुळे कुठल्याही वादात तिसऱ्या वाक्याला जर्मनी येते. "तिथं राहायला गेलं की नोंदणी करताना धर्म विचारतात. कॅथलिक म्हणून लिहिलं तर प्राप्तिकरावर आणखी आठ टक्के चर्चसाठी कापून घेतात. नको असेल तर सरकारी ऑफिसात जायचं, थोडी फी भरायची, सही करायची, सुटला! २०२२ मध्ये एकट्या कॅथलिक चर्चमधून पाच लाखांवर लोक असे बाहेर पडले. याला म्हणतात निवड."

"म्हणजे तिथं धर्म सोडला की पगार वाढतो," भास्कर शांतपणे म्हणाला. "माझ्या बापाने छप्पन साली सोडला. त्याला केंद्राच्या सवलतीवर पाणी सोडावं लागलं. बौद्धांना ती परत मिळायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं. राज्याने दिलं ते दिलं, पण दिल्लीच्या लेखी आम्ही कुणीच नव्हतो."

सर सरसावले. "तेच म्हणतोय मी. एवढा तोटा सोसून केलेली निवड म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याचा..."

"निवड कसली, सर? माझा आजा १९३० साली काळारामाच्या दारात सत्याग्रहाला बसला होता. पाच वर्षं झाली तरी दार उघडलं नाही. मग आपल्या येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं, हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतरही एकवीस वर्षं थांबले ते. नागपूरला लाखो लोक गेले, त्यात माझा बाप. त्याने काही दहा धर्म समोर मांडून एक उचलला नाही. तो बाबासाहेबांच्या मागे गेला. आणि तरी जन्मभरात त्याने स्वतः ठरवलेली तेवढी एकच गोष्ट होती. आता हे तुझ्या कुठल्या कप्प्यात बसतं ते सांग."

सरांचा चष्मा पुन्हा हातात.

मी आपलं मध्ये तोंड घातलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न विचारता. आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई मात्र पाचेक वर्षं थांबल्या, मनाची खात्री पटली तेव्हा स्वतःहून ख्रिस्ती झाल्या. एकट्याने ठरवणं म्हणायचं तर ते.

"अपवाद," सर म्हणाले. समाजशास्त्रात बाई आली की अपवाद असते.

नंदू पुन्हा मूळपदावर. "ते काही असो. हायकोर्टाने २०१४ साली सांगितलंय, मला कुठलाच धर्म नाही असं म्हणायचा हक्क आहे. तेव्हा मी लिहिणार."

"लिही ना. पण यंदा जात पण विचारणार आहेत," भास्कर म्हणाला. "स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त आम्हाला आणि आदिवासींना विचारायचे. बौद्ध लिहिलं तरी पुढचा रकाना जातीचाच. तुमचा धर्म लिहून झाला की तुम्ही मोकळे. आता तूही बस जरा त्या रकान्यात. 'नाही' लिहिशील?"

नंदू थांबला. अगदी क्षणभर, पण सगळ्यांना दिसला.

"तू आधी सांग," तो उसळला, "बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस दरवर्षी माझ्याकडे येऊन अकरा मोदक कसा खातो?"

"मोदक हा पदार्थ आहे, गणपती हा विषय आहे. मी विषयाला हात लावत नाही. आणि तू नास्तिक असून गणपती का बसवतोस?"

"आईसाठी!" आम्ही सगळे एकदम.

आता मला राहवेना. २०११ च्या फेब्रुवारीत मास्तरकीसोबत मी प्रगणक होतो, हे यांना माहीत आहे. कुठल्या गल्लीत, ते मी कधी बोललो नव्हतो. सातवा रकाना धर्माचा, हिंदू एक, मुस्लिम दोन, ख्रिश्चन तीन, असे आकडे टाकायचे. खरं सांगायचं तर दिवसाच्या शेवटी पाय दुखायला लागले की भिंतीवरचं कॅलेंडर बघूनही एखादा आकडा पडायचा.

"नंद्या, तुझी गल्ली माझ्याकडे होती."

"मग?"

"तू ऑफिसात होतास. काकूंनी सांगितलं, सगळ्यांपुढे एक लिहा. मी म्हटलं, नंदू वेगळं म्हणेल. तर म्हणाल्या, त्याला काय कळतंय, तुम्ही लिहा."

कट्टा कोसळला. भास्करला ठसका लागला, पोपटरावांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

"म्हणजे त्या २९ लाखांत मी..."

"नाहीस."

"जनगणनेची माहिती गोपनीय असते," सर गंभीरपणे म्हणाले. "१९४८ चा कायदा आहे. तू आत्ता गुन्हा केलास."

"मग चहाचे पैसे गुन्हेगाराने द्यायचे," भास्कर उठत म्हणाला. पोपटरावांनी हिशेब सांगितला तो मागच्या सोमवारपासूनचा.