आरटीईची मुलं आणि 'आपली' मुलं

प्रवेशाचे दिवस आले की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. वर्गात 25 टक्के आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळेत मोफत प्रवेश मिळालेली गरीब मुलं आली की आपल्या मुलांचे मार्क घसरतात, तोंडात शिव्या येतात, त्यांची फी आपल्याच माथी बसते, आणि त्या मुलांनाही न्यूनगंड येतो. त्यापेक्षा ज्याची त्याची शाळा बरी!

आधी मार्क. सवलतीत जमीन मिळालेल्या दिल्लीतल्या खासगी शाळांना 2007 पासूनच गरीब मुलं घ्यावी लागली. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी तिथल्या दोन हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. सधन मुलांचं हिंदी आणि गणित होतं तिथंच राहिलं. इंग्रजी थोडं घसरलं, ते मान्य.

शिव्या? वाढल्या. मारामाऱ्या नाही वाढल्या. (सोसायटीच्या क्रिकेटमध्ये मुलं शिव्या देत नाहीत म्हणणारा पालक मला एकदा भेटायचाय.)

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट पुढंच आहे. रावांनी सधन मुलांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला लावला. बक्षीस 50 रुपये असताना बरीच मुलं जोरात पळणारा गरीब मुलगा सोडून 'आपल्यातला' हळू पळणारा घेत. बक्षीस 500 झालं की हा बाणा बराचसा गळून पडे! आणि ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती, त्यांच्यात हा भेदभाव मुळातच कमी. ती मुलं आधीपासून मोठ्या मनाची असतील, असं म्हणाल, तर काही शाळांत मुलांच्या नावाच्या आद्याक्षरावरून अभ्यासगट पडत. कोण कुणाशेजारी बसणार हे बारशालाच ठरलेलं.

फीचं म्हणाल तर कायद्यानं ती ठरावीक मर्यादेपर्यंत सरकारनं शाळेला भरून द्यायची आहे. थकते, हे खरं. पण मग भांडण सरकारशी करा.

राहिला न्यूनगंड. नुसतं एका छताखाली आणून भागत नाही, हे बरोबरच. अर्थतज्ज्ञ मॅट लो यांनी 2017 मध्ये उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या. एका संघात खेळले त्यांच्यात जातीपलीकडच्या मैत्र्या वाढल्या, समोरासमोर खेळले त्यांच्यात फायदा दिसला नाही, काही बाबतींत तर नुकसानच झालं. म्हणजे प्रश्न संघ कसे पाडता याचा आहे.

माझ्या ओळखीतल्या एका शाळेत सहलीचे पैसे गोळा करताना बाई म्हणाल्या, "आरटीईवाले, हात वर करा." सहा हात वर गेले. बाकीचा वर्ग मागं वळून बघत होता.